आईनस्टाईन गणितात नापास झालाच नव्हता
दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडच्या प्रत्येक व्हॉट्सअप ग्रुपवर तो मेसेज येतोच, आईनस्टाईन पण गणितात फेल होता, टेन्शन घेऊ नका. हेतू चांगलाय पण गोष्ट खोटी आहे राव. 1935 मध्ये आईनस्टाईनलाच हा दावा दाखवला तर तो म्हणाला मी गणितात कधीच नापास झालो नाही, 15 वर्षांचा व्हायच्या आतच कॅल्क्युलस शिकलो होतो.

मग आलं कुठून? 1895 ला स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या पॉलिटेक्निकची (म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग-सायन्सच्या मोठ्या कॉलेजची) एंट्रन्स त्यानं दिली, वय 16, म्हणजे बाकीच्यांपेक्षा लहानच, गणित-फिजिक्स झकास गेलं पण फ्रेंच वगैरे बाकी विषयांत अडकला अन् ॲडमिशन हुकली. मग आराऊ गावच्या शाळेत जाऊन राहिलेलं शिकला, 1896 ला पास झाला, बीजगणित-भूमितीत 6 पैकी 6, अन् त्याच पॉलिटेक्निकला गेला.

म्हणजे गॅप घेऊन रिपीट करणाऱ्या आपल्या नीटवाल्या पोरांसारखंच की! मला तर ही खरी गोष्टच जास्त कामाची वाटते, कारण फॉरवर्डमधलं नापास होणं नुसतं जादूसारखं असतं, आज फेल उद्या नोबेल, मधी काय केलं ते कुणीच सांगत नाही.

लेकराचा विषय राहिला असेल तर बोर्डाकडं अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, ती मागवा, मार्क कुठं गेले ते त्याच्यासोबत बसून बघा अन् पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरा. एक-दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला ॲडमिशन पण मिळते.