कोकण किनाऱ्यावरील सांस्कृतिक पर्यटन : वास्तू, गाणे आणि काजूची फेणी

आधुनिक वास्तुकला, संगीताचा वारसा आणि स्थानिक मद्यनिर्मिती यांची ओळख एकाच प्रवासात करून देणारा पर्यटनप्रकार. युरोपात अशा सहली द्राक्षमळ्यांच्या मुलखात निघतात. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि वाइनची द्राक्षे सह्याद्रीपलीकडे, नाशिककडे पिकतात. त्यामुळे इथे द्राक्षमळ्याची जागा काजूच्या बागेने घेतली आहे आणि वाइनची जागा फेणीने. ही तिन्ही अंगे सर्वांत जवळजवळ सापडतात ती गोव्यात. पणजी ते फोंडा हे अंतर जेमतेम तीस किलोमीटर, पण समुद्रकिनाऱ्यासाठी आलेला पाहुणा सहसा तेवढेही आत येत नाही.

वास्तूंपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे पणजीच्या कांपाल भागातली कला अकादमी. संस्था 1970 ची. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (1930–2015) यांनी आखलेली इमारत 1983 मध्ये पूर्ण झाली. मांडवीकाठी ती मुद्दाम बुटकी ठेवली आहे, झाडांच्या वर डोके काढत नाही. रस्त्यावरून आत येताना मोठे दार लागत नाही. डोक्यावर मांडवासारखी आडव्या तुळयांची सावली सुरू होते, तिच्याखालून चालत गेले की थेट नदी दिसते. नाटकाचे तिकीट काढलेला, गाणे शिकायला आलेला विद्यार्थी आणि नुसता वाऱ्याला बसलेला पणजीकर, तिघांची वाट एकच. मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. त्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक चितारले. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सभागृह भरलेले वाटते. खुल्या प्रेक्षागाराचा एक भाग पाडण्याचा विचार 2019 मध्ये पुढे आला तेव्हा वास्तुविशारद आणि कलावंतांनी त्याला विरोध केला. पुढे दुरुस्तीचे काम चालू असतानाच जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. अवघ्या चाळीस वर्षांची इमारतही वारसा असू शकते, हे आपल्याकडे अजून पुरते पचलेले नाही. दोनापावलाजवळचे ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेलही कोरियांचेच. तिथेही भिंतींवर रंगवलेल्या दारे-खिडक्या नजरेला चकवतात.

गाण्याचा वारसा फोंडा तालुक्यातल्या देवळांभोवती वाढला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतली देवळे पाडली, तेव्हा अनेक देव त्यांच्या सत्तेबाहेरच्या या भागात हलवले गेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला तो असाच. देवळांच्या सेवेला कलावंतिणींची घराणी होती. गायन आणि नृत्य त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, आणि समाजाने त्यांना मान मात्र दिला नाही. हे सांगितल्याशिवाय मंगेशीची सहल पुरी झाली असे मानू नये. केरी गावच्या केसरबाई केरकर (1892–1977) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) या दोघींनी अल्लादिया खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली आणि दोघींनाही पद्मभूषण मिळाले. केसरबाईंनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. त्यांची बळवंत संगीत मंडळी 1918 मध्ये उभी राहिली आणि गोव्याचा गळा मराठी रंगभूमीवर गाजला. मोगूबाईंचे कुर्डी साळावली धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, आणि मे महिन्यात विस्थापित गावकरी तिथे उत्सवाला जमतात. ख्रिस्ती घरांतला मांडो हा कोकणी गीतप्रकार हे या वारशाचे दुसरे अंग. व्हायोलिन आणि घुमट यांच्या साथीने तो संथ लयीत गातात. घुमट म्हणजे मातीचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले वाद्य. पूर्वी त्याच्या मोठ्या तोंडावर घोरपडीचे कातडे चढवत. त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचे वापरतात. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी आणले. जांभ्याच्या उतारावर, जिथे भात होत नाही तिथे ते रुजले. हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर ते मे. फेणीसाठी बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते ते काजूचे रसाळ फळ, झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलेच वेचतात. बी पिळून वेगळी करायची आणि बोंडू कातळात कोरलेल्या किंवा चिऱ्यांनी बांधलेल्या कुंडात पायांनी तुडवायचे. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर दगडाचे वजन ठेवले की थेंब थेंब गळतो तो निरो. तो ताजा, थंड करून पितात. तुडवलेला रस मात्र काही दिवस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या उकळीचा हुर्राक सौम्य आणि टिकायला कमी, त्यामुळे तो हंगामातच पिऊन संपतो. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते, तिच्यात मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या पुढे असतो. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दक्षिण गोव्यात माडाच्या सुरेपासूनही फेणी काढतात. भट्टी पाहायची तर एप्रिलमध्ये, सकाळी लवकर जावे. दुकानातल्या बाटलीवरून या कामाची कल्पना येत नाही.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. काजू तिथेही उदंड; वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या ‘वेंगुर्ला-4’ आणि ‘वेंगुर्ला-7’ या जाती किनारपट्टीवर सर्वत्र लावल्या जातात. गोव्यासारखा फेणीचा धंदा मात्र इथे उभा राहिला नाही, त्यामुळे बी काढून घेतली की बहुतेक बोंडू बागेतच कुजतात. संगीताच्या बाजूने इथे दशावतार आहे. जत्रेच्या रात्री पायपेटी, पखवाज आणि झांजेवर तो पहाटेपर्यंत रंगतो. जत्रांचा मोसम कार्तिकात सुरू होतो आणि काजूचा माघ-फाल्गुनात. दोन्ही गाठायचे असल्यास फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ सोयीचा.