निवृत्त गुप्तचर आणि ‘अलिप्ततावादी’ उमेदवार : पार्श्वभूमी

१५ मे २००७ रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन इच्छुकांचा वादविवाद झाला. टेक्ससचे एक खासदार रॉन पॉल, पेशानं बाळंतपणं करणारे डॉक्टर, ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांबद्दल त्यात म्हणाले की आपण तिकडे मध्यपूर्वेत जाऊन बसलोय म्हणून ते आपल्यावर हल्ले करतात. दहा वर्षं आपण इराकवर बॉम्ब टाकत आलोय. त्याच मंचावरच्या न्यूयॉर्कच्या माजी महापौरांनी, रुडी जुलियानींनी, शब्द मागे घ्यायला सांगितलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खासदारांनी शब्द मागे घेतले नाहीत. महिना संपायच्या आत त्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात पत्रकार परिषद घेतली आणि महापौरांनी वाचावीत अशा पुस्तकांची यादीच जाहीर केली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांवरचा चौकशी अहवालही तीत होता. सोबत होता मायकेल शॉयर, अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएतल्या बिन लादेनच्या मागावरच्या विभागाचा पहिला प्रमुख.

हस्तक्षेपाला विरोध करणारा उमेदवार आणि त्याच्या पाठीशी निवृत्त गुप्तचर, हे चित्र आज नेहमीचं वाटतं. त्याची खरी सुरुवात मी या पत्रकार परिषदेपासून धरतो.

शॉयरनं १९९६ ते १९९९ तो विभाग चालवला. सौदी अरेबियातलं अमेरिकी सैन्य, इराकवरचे निर्बंध, इस्रायलची पाठराखण ही कारणं बिन लादेन स्वतः १९९६ पासून उघडपणे सांगत होता. म्हणजे मंचावर ज्या वाक्यावर गदारोळ झाला, ते या अधिकाऱ्याच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडलेलंच होतं. आणि तो काही मवाळ नव्हता. बिन लादेनला मारायच्या संधी सरकारनं हातच्या घालवल्या, ही त्याची कायमची तक्रार. पुढे त्याची मतं बरीच टोकाला गेली, तो भाग वेगळा. २००७ साली तो आला तो शांततावादी म्हणून नव्हे, शत्रूचा अभ्यास केलेला माणूस म्हणून.

पुढे येतात ते ‘निवृत्त’च का, हेही सांगायला हवं. सीआयएच्या कर्मचाऱ्याला सुट्टीच्या दिवशीसुद्धा पक्षाच्या प्रचारात उतरता येत नाही. नोकरी सुटल्यावरही कामाबद्दल लिहिलेलं खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. व्हिएतनाममध्ये काम केलेल्या एकानं ते केलं नाही, तर १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या पुस्तकाची कमाई सरकारजमा करायला लावली. आपल्या विभागप्रमुखाची पहिली दोन पुस्तकंही लेखकाच्या जागी ‘अनामिक’ असं छापून निघाली. २००४ मध्ये राजीनामा दिल्यावर तो उघड बोलू लागला.

आता शब्दाचा घोळ. या खासदारांना मराठीत सहज ‘अलिप्ततावादी’ म्हटलं जातं, आणि तिथेच विषय हातातून निसटतो. आपल्याकडे या शब्दावर नेहरूंचा आणि १९६१ च्या बेलग्रेड परिषदेचा शिक्का आहे. त्याचा अर्थ दोन गटांपैकी कुणाच्याही दावणीला न बांधलं जाणं. दुसऱ्याच्या देशात पाऊल न टाकणं असा तो अर्थ नाही. अलिप्त भारताचं सैन्य १९७१ मध्ये ढाक्यापर्यंत गेलं आणि १९८७ मध्ये श्रीलंकेत उतरलं. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण हस्तक्षेप तो होताच.

अमेरिकेतली दुसरी गोष्ट म्हणजे विलगता, दारं लावून घेणं. राष्ट्रसंघात न जाणं, १९२४ चे परदेशी लोकांच्या प्रवेशावरचे कडक निर्बंध, १९३० ची चढी आयात-जकात, हे सगळं त्यातलं. युद्धात पडू नये म्हणून १९४० मध्ये तिथे मोठी संघटना उभी राहिली, आणि १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर काही दिवसांतच तिनं गाशा गुंडाळला. तेव्हापासून ‘विलगतावादी’ ही तिथल्या राजकारणात शिवी आहे.

टेक्ससच्या खासदारांचं म्हणणं तिसरंच. व्यापार करा, ये-जा ठेवा, बोलणी करा, क्युबाशीसुद्धा. फक्त कुणाची सरकारं पाडू नका, जगभर तळ ठोकून बसू नका. यासाठी मराठी वाचकाला नवा शब्द शोधायची गरज नाही. १९५४ च्या पंचशीलातलं तिसरं तत्त्व हेच आहे: एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणं. विरोधक म्हणतात की महासत्तेनं हात काढून घेतला तर ती पोकळी दुसरा कुणीतरी भरतो. मुद्दा विचार करण्याजोगा आहे. पण एखाद्याला विलगतावादी ठरवून टाकलं की या मुद्द्यावर बोलायची वेळच येत नाही, आणि २००७ साली नेमकं तेच झालं.

गुप्तचरांना मात्र हे म्हणणं ओळखीचं वाटलं, कारण त्यांच्या खात्यात त्यासाठी जुना शब्द आहे: ‘ब्लोबॅक’. आपण म्हणू, अंगावर उलटणं. ऑगस्ट १९५३ मध्ये इराणमध्ये पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार सीआयएच्या मदतीनं पाडलं गेलं. सीआयएनं त्या मोहिमेचा अंतर्गत इतिहास १९५४ मध्ये लिहून घेतला, आणि अशा कामात हे प्रकरण अमेरिकेवर उलटू शकतं याचं भान अधिकाऱ्यांनी कायम ठेवावं, असं त्यात बजावलं आहे. यशाच्या अहवालातच हा इशारा होता. आणि ते उलटलंच: १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात ओलीस धरलेली माणसं ४४४ दिवसांनी सुटली. तो इतिहास वृत्तपत्रातून लोकांसमोर आला २००० मध्ये.

सीआयए ज्यांच्या कारकिर्दीत स्थापन झाली त्या माजी अध्यक्ष ट्रुमन यांनीही डिसेंबर १९६३ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून संस्थेनं माहिती गोळा करण्यापुरतंच राहावं असं सुचवलं होतं. त्याही मागे, अमेरिका परदेशात राक्षस मारायला निघत नाही, हे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांचं १८२१ चं प्रसिद्ध भाषण आहे. ते दोन्ही बाजूंनी इतकं वापरून झालंय की इथे एवढा उल्लेख पुरे.

निवृत्तांच्या शब्दाला वजन आलं ते इराकमुळे. ऑक्टोबर २००२ मध्ये प्रतिनिधीगृहानं युद्धाची परवानगी २९६ विरुद्ध १३३ मतांनी दिली. विरोधातल्या सहा रिपब्लिकनांत हे खासदार होते. २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या वेळी मात्र त्यांनी बाजूनं मत दिलं होतं, हे त्यांचे चाहते विसरतात. जानेवारी २००३ मध्ये काही निवृत्त विश्लेषक एकत्र आले. ५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धचे ‘पुरावे’ मांडले गेले, त्याच दिवशी त्यांनी अध्यक्षांना पत्र धाडलं: युद्धासाठी आसुसलेल्या सल्लागारांपलीकडच्यांचंही ऐका. ऐकलं गेलं नाही. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी युद्ध झालं, ती सापडलीच नाहीत.

जानेवारी २०१२ मध्ये आयोवा राज्यातल्या रिपब्लिकन उमेदवारनिवडीत खासदारांना सुमारे २१ टक्के मतं पडली, क्रमांक तिसरा. विभागप्रमुखाचा पाठिंबा तेव्हाही होता. त्याच महिन्यात दक्षिण कॅरोलायनातल्या मर्टल बीचच्या वादविवादात ते म्हणाले की दुसऱ्यानं आपल्याशी जे करू नये असं वाटतं, ते आपण दुसऱ्या देशाशी करू नये. प्रेक्षकांनी हुर्यो केली. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच राज्यात न्यूयॉर्कच्या एका बांधकाम व्यावसायिकानं, डोनाल्ड ट्रम्प यांनी, इराक युद्धाला घोडचूक म्हटलं. हुर्यो त्यांचीही झाली, पण आठवड्यानं त्या राज्यातली उमेदवारनिवड त्यांनी जिंकली.

मात्र या वेळी निवृत्तांमध्ये फूट पडली. लष्करी गुप्तचर संस्थेचा एक माजी प्रमुख त्यांच्यासोबत, तर सीआयएचा एक माजी हंगामी प्रमुख प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं. रिपब्लिकन सरकारांत काम केलेल्या ५० सुरक्षा-अधिकाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं. तेव्हापासून ‘निवृत्त अधिकारी म्हणतात’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोण, कुठल्या खात्यात, कुठल्या वर्षी होतं, हे विचारावंच लागतं.

२०२४ मध्ये पुन्हा जिंकल्यावर याच नेत्यानं राष्ट्रीय गुप्तचर विभाग हस्तक्षेपविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका माजी खासदार महिलेकडे, तुलसी गॅबार्ड यांच्याकडे, सोपवला. सिनेटनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी तिला मान्यता दिली. मार्चमध्ये तिनं सिनेटच्या समितीसमोर सांगितलं की इराण अण्वस्त्र बनवत नाही, असा गुप्तचरांचा अंदाज आहे. जूनमध्ये पत्रकारांनी त्याची आठवण करून दिली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ती काय म्हणाली याची मला पर्वा नाही. त्याच आठवड्यात तिनं माध्यमांनी आपलं बोलणं तोडून दाखवलं असं म्हणत, इराण काही आठवडे ते महिन्यांत अण्वस्त्र बनवू शकतो, असं सांगितलं. २२ जूनला इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर अमेरिकेचे बॉम्ब पडले.