"सिस्टर, चुकून झालं"

रात्रपाळीला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा निपाणीकडच्या खेड्यातून आत्महत्येचा प्रयत्न केलेला रुग्ण आणला जातो आणि केसपेपर निघण्याआधीच सोबतचे लोक सांगू लागतात, "सिस्टर, चुकून झालं." या वाक्यामागे बहुधा पोलिसांची आणि गावातल्या कुजबुजीची भीती असते. वास्तविक मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुन्या दंडविधानातले कलम 309 राहिलेले नाही. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद मात्र होतेच, आणि नोंद व गुन्हा या दोहोंतला फरक घाबरलेल्या घराला समजावण्याचे काम शेवटी परिचारिकेवर येते.

रुग्णाला आत्महत्येविषयी स्पष्ट विचारले तर मरणाचा विचार डोक्यात शिरेल, असे पुष्कळांना वाटते. संशोधनाने या समजुतीला आधार दिलेला नाही. प्रश्न मात्र रुग्णाच्या बोलीत हवा, कारण सीमाभागात कागद कन्नडमध्ये, डॉक्टरांचे बोलणे अर्धे इंग्रजीत आणि रुग्णाचे दुखणे मराठीत असते. "डिप्रेशन आहे का?" याला मान हलवून नकार देणारी बाई "मावशी, जीव नको झालाय का?" असे विचारल्यावर पदर डोळ्यांना लावते. "माझ्यामागं पोरांकडं बघा" हे बोलणेही निरवानिरवीचे म्हणून सोडून देऊ नये.

आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा असतो, म्हणून डिस्चार्जने काम संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील केंद्रांत 1,867 रुग्णांवर केलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांखेरीज निम्म्या रुग्णांशी तासभर बोलणे आणि पुढच्या 18 महिन्यांत फोनवर किंवा घरी जाऊन नऊ वेळा विचारपूस, एवढेच केले गेले. या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू 0.2 टक्के होते, दुसऱ्या गटात 2.2 टक्के. महागडे यंत्र नाही की नवे औषध नाही!

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तो डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यावाच. पण पहिल्या आठवड्याचा फोन वॉर्डातून जायला हवा, आणि त्यासाठी रजिस्टरात मोबाइल नंबराशेजारी आणखी एक रकाना आखावा लागेल: घरात कोणती भाषा बोलतात.