प्ली रोल : इंग्लंडच्या राजन्यायालयांतील वादपट

इंग्लंडच्या राजन्यायालयांपुढे आलेल्या दाव्यांची अधिकृत नोंद ज्या चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर केली जाई, त्यांना प्ली रोल किंवा वादपट म्हणतात. ही पद्धत बाराव्या शतकाच्या अखेरीपासून साधारणतः १८७५ पर्यंत चालू होती. मेंढीच्या कातड्याचे लांबट फर्द (सुटे तुकडे) वरच्या कडेला एकत्र शिवून त्यांची गुंडाळी करीत. चान्सरी या राजाच्या सचिवालयाच्या गुंडाळ्यांत मात्र फर्द एकाखाली एक जोडलेले असत. न्यायालयाची वर्षात चार सत्रे भरत आणि दर सत्राची गुंडाळी वेगळी असे. वर्षे राजाच्या राज्यारोहणापासून मोजली जात.

उपलब्ध वादपटांपैकी सर्वांत जुने ११९४ चे, म्हणजे पहिल्या रिचर्डच्या कारकिर्दीतले आहेत. पद्धतीचा आरंभही तेव्हाच झाला काय, हा वादाचा मुद्दा आहे. त्या सुमारास मुख्य न्यायाधिकारी असलेला कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर याच्याकडे एक मत हे श्रेय देते. दप्तर राखण्याविषयीची त्याची आस्था निश्चितच दिसते. १५ जुलै ११९५ रोजी त्याचा भाऊ थिओबाल्ड पक्षकार असलेल्या तडजोडीचा दस्त तीन प्रतींत करण्यात आला. दोन प्रती पक्षकारांना देऊन तळाची तिसरी राजाच्या कोषागारात ठेवायची, ही रीत येथूनच सुरू झाल्याची नोंद खुद्द त्या दस्ताच्या पाठीवर आहे. तिन्ही प्रती एकाच चर्मपत्रावर लिहून मधून नागमोडी कापत. पुढे वाद उपस्थित झाल्यास कडा जुळवून खरेखोटे ठरविता येई. तीन प्रतींची ही पद्धत १८३३ च्या कायद्याने बंद होईपर्यंत टिकली.

वादपटांबाबत मात्र दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ११९४ च्या गुंडाळ्यांतील मजकूर नवख्या हाताचा नाही. ठरीव शब्दयोजना आणि संक्षेपचिन्हे सरावाने घोटलेली दिसतात. तेव्हा दुसऱ्या हेन्रीच्या काळात (११५४–८९) अशा गुंडाळ्या असाव्यात. त्या टिकल्या नाहीत, इतकेच. त्या न टिकण्याचे कारणही समजण्याजोगे आहे. तेराव्या शतकात बराच काळ गुंडाळ्या न्यायाधीशांच्या व त्यांच्या कारकुनांच्या ताब्यात राहत. मार्टिन पॅटशल व विल्यम रॅली या न्यायाधीशांच्या गुंडाळ्या न्यायाधीश व विधिग्रंथकार ब्रॅक्टन याच्याकडे होत्या आणि १२५८ मध्ये त्या कोषागारात जमा करण्याचा हुकूम त्याला झाला. याच गुंडाळ्यांतून उतरवून घेतलेल्या सुमारे २,००० दाव्यांची वही विधी-इतिहासकार विनोग्रादोफ यांनी १८८४ मध्ये ओळखली व त्याच क्षेत्रातील मेटलंड यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केली.

नोंदीला महत्त्व आले ते तिच्या प्रामाण्यामुळे. राजन्यायालयाच्या वादपटात जे लिहिले ते खोटे ठरविता येत नसे. उलट परगण्याच्या न्यायालयाच्या निकालावर तक्रार झाली, तर तेथील चार सरदार वेस्टमिन्स्टरला येऊन काय घडले ते तोंडी सांगत आणि त्या कथनाला हरकत घेता येई. अभिलेख न्यायालय, म्हणजे ज्याची नोंद निर्णायक मानली जाते असे न्यायालय, ही संकल्पना या भेदातून घडली. मुंबईचे मेयर्स कोर्ट १७२६ च्या सनदेने अशाच दर्जाचे झाले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१५ नुसार प्रत्येक उच्च न्यायालयास तो दर्जा आहे. कॉमन प्लीज या दिवाणी दाव्यांच्या राजन्यायालयात वादपटांचे लेखन पाहणारे प्रोथोनोटरी हे पदनामही मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत अद्याप आढळते.

मजकुराचा बराचसा भाग कंटाळवाणा आहे, पण न्यायालयाचे रोजचे काम त्यातच दिसते. समासात परगण्याचे नाव, पुढे लॅटिनमध्ये ठरलेले वाक्य : अमुक वादी चौथ्या दिवशी हजर राहिला, प्रतिवादी आला नाही, सबब शेरीफास (परगण्यातील राजाच्या अधिकाऱ्यास) हुकूम. मग पुढची तारीख. ज्युरी बोलावण्याचा हुकूम लिहून खाली कोरी जागा सोडलेली असते. निकाल आला तर तेथे भरायचा. कित्येक जागा कोऱ्याच राहिल्या, कारण पक्षकारांनी बाहेर मिटवून घेतले असावे. वकिलांनी काय युक्तिवाद केला, न्यायाधीशांनी काय विचारले, हे वादपटात नसते. ते इयर बुक्स या फ्रेंचमिश्रित टिपणांत सापडते. ही टिपणे राजाच्या पगारी वृत्तलेखकांनी केली, ही सोळाव्या शतकापासूनची समजूत आता मागे पडली असून ती वकिली शिकणाऱ्यांची असावीत असे मानतात. वादपट वाचताना दोन्ही साधने समोर हवीत. १६५१–६० चा प्रजासत्ताक काळ सोडता १७३३ पर्यंत नोंदींची भाषा लॅटिनच होती.

जतनाचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. कोषागारातील दप्तराची सूची करणारा आर्थर अगार्ड (मृत्यू १६१५) याने आग, पाणी, उंदीर आणि चुकीच्या जागी ठेवणे हे चार धोके सांगितले. लोकांनी उचलून नेणे हा आणखी एक. वेस्टमिन्स्टर ॲबेचे सभागृह, लंडनचा टॉवर अशा ठिकाणी विखुरलेले दप्तर १८३८ च्या कायद्याने एका देखरेखीखाली आले. निरुपयोगी ठरलेले कागद नष्ट करण्याची मुभा १८७७ मध्ये मिळाली. कॉमन प्लीजची १२७३ पासूनची मुख्य मालिका लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून, पुष्कळ फर्दांची छायाचित्रे ह्यूस्टन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. व्यक्तिनामांच्या सूची मात्र मोजक्याच सत्रांच्या झाल्या आहेत; बाकीच्या ठिकाणी परगणा पाहत फर्दामागून फर्द वाचावा लागतो.