पाठीवरचे लाल पट्टे आणि न सांगितलेलं दुःख

१९७५ नंतर अमेरिकेतल्या डॉक्टरांना व्हिएतनाममधून पळून आलेल्या कुटुंबांतल्या काही लहान मुलांच्या पाठीवर लांब लालजांभळे पट्टे दिसायचे आणि त्यांना वाटायचं की पोराला घरी मारतात. मारहाण नव्हती ती. ताप आला, अंग मोडून आलं की आई पाठीला तेल चोळते आणि नाण्याच्या कडेने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली घासत जाते, पट्टे उमटले की अंगात शिरलेलं वारं बाहेर पडलं असं समजतात, त्याला 'काओ यॉ' म्हणतात, यॉ म्हणजे वारा. आपल्याकडे पण 'अंगावरून वारं गेलं' म्हणतातच की.

हे आधी सांगितलं कारण या व्हिएतनामी निर्वासितांच्या मनाचं दुखणं समजून घेताना नेमकी हीच अडचण आली, दिसतंय एक आणि अर्थ भलताच लावला जातोय.

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडलं आणि लोक देश सोडून पळू लागले. पुढच्या वीस वर्षांत जवळपास ८ लाख लोक होडीतून समुद्र ओलांडून दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागले, आणि किती बुडाले, किती जण थायलंडच्या आखातात समुद्री चाच्यांच्या हाती सापडले त्याचा नीट हिशोबच नाही. जे वाचले ते छावण्यांमध्ये महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं थांबले. मलेशियातलं पुलाव बिदाँग हे एवढंसं बेट, तिथे १९७९ मध्ये ४०,००० च्या आसपास माणसं कोंबली होती.

मग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे. घर मिळालं, काम मिळालं, आणि दवाखान्यात तक्रार काय तर डोकं दुखतं, झोप येत नाही, अंगात त्राण नाही. 'मी उदास आहे' असं डॉक्टरला सांगायचं हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसायचं (आपल्या घरातली मोठी माणसं तरी कुठे सांगतात, छातीत धडधडतंय एवढंच म्हणतात). तयार इंग्रजी प्रश्नावली नुसती भाषांतर करून भागत नव्हतं, म्हणून अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात मानसोपचारतज्ज्ञ जे. डेव्हिड किन्झी आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनामी लोकांसोबत बसून १९८२ मध्ये त्यांच्याच शब्दांतली १५ प्रश्नांची डिप्रेशनची यादी बनवली, त्यात लाज वाटणं, अब्रू गेल्यासारखं वाटणं, वेड लागेल असं वाटणं हेही होतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण माणसाला त्याच्या भाषेत विचारलं तरच तो खरं सांगतो.

आता काळाने जखम भरते का? बऱ्याच अंशी भरते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १,१६१ व्हिएतनामी लोकांचा अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यांना तिथे येऊन सरासरी ११ वर्षं झाली होती आणि मानसिक आजार ८ टक्के लोकांमध्येच होता, वर्षं जातील तसा धोका कमी होत गेलेला. पण ज्यांनी तीनपेक्षा जास्त भयंकर प्रसंग सोसले होते त्यांच्यात दहा वर्षांनंतरही धोका जास्तच होता. नॉर्वेत तर समुद्रातून वाचवून आणलेल्या लोकांना २३ वर्षांनी परत भेटून विचारलं, त्रास कमी झाला होता, तरी नॉर्वेच्या इतर लोकांपेक्षा त्रासात असलेल्यांचं प्रमाण जास्तच निघालं. म्हणजे 'आता एवढी वर्षं झाली, विसरा की' हे सगळ्यांना लागू नाही.

आणि नुसता काळ पण पुरत नाही, आजूबाजूला कोण आहे यावर खूप ठरतं. अमेरिकेने सुरुवातीला कुठल्याच एका राज्यावर भार नको म्हणून या लोकांना देशभर विखरून टाकलं, ते मात्र एकेक करून स्वतःच सरकत सरकत कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीला जमले, तिथे 'लिटल सायगाव' उभं राहिलं, भाताची दुकानं, देवळं, तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाचा सण. मला यात हट्ट दिसत नाही, औषध दिसतं. कॅनडात व्हँकुव्हरला मानसोपचारतज्ज्ञ मॉर्टन बायझर यांनी १,३४८ निर्वासितांचा दहा वर्षं मागोवा घेतला तेव्हा हेच दिसलं, व्हिएतनाममधून आलेल्या चिनी वंशाच्या लोकांसाठी तिथे चिनी वस्ती आधीपासून होती, म्हणून त्यांना सुरुवातीला डिप्रेशनचा त्रास कमी झाला. आणखी एक दिसलं, सुरुवातीच्या काळात मागचं मनातून बाजूला ठेवून फक्त आजच्यापुरतं बघणारे तग धरून राहिले.

पण व्हँकुव्हरच्या याच लोकांत पुढे पुढे भाषेचं वजन वाढत गेलं. आल्या आल्या जे नोकरीत शिरले नाहीत आणि विशेषतः ज्या बायका घरीच राहिल्या, त्यांच्यात दहा वर्षं होत आली तरी इंग्रजी येत नसेल तर डिप्रेशन जास्त आढळलं, आणि सरकारी भाषावर्गात आधी जागा मिळायची ती नोकरीवर जाणाऱ्यालाच.