श्कोदर जिल्हा

अल्बानियाच्या वायव्य टोकावरील प्रशासकीय जिल्हा. देशातील बारा जिल्ह्यांपैकी हा एक. क्षेत्रफळ ३,५६२ चौ. किमी. लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे २,१५,००० होती. स्थलांतरामुळे ती २०२३ पर्यंत दीड लाखाच्या आसपास उतरली. उत्तरेस व पश्चिमेस माँटेनेग्रो, पूर्वेस कुकस जिल्हा, दक्षिणेस लेझ जिल्हा आणि नैर्ऋत्येस एड्रियाटिक समुद्राची चिंचोळी किनारपट्टी. मुख्य ठाणे श्कोदर शहर.

जिल्ह्याचे दोन भाग सहज ओळखू येतात. उत्तरेला व पूर्वेला अल्बानियन आल्प्स. येथील येझेर्त्सा शिखर सुमारे २,६९० मी. उंच आहे. समुद्रावरून येणारे ढग या चुनखडीच्या भिंतीवर अडतात. त्यामुळे थेथ, बोगा या खोऱ्यांत वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस व बर्फ पडते. युरोपात इतके पाणी फार थोड्या ठिकाणी पडते. पश्चिमेला मात्र सपाट, गाळाची जमीन आणि श्कोदर सरोवर. हे दक्षिण युरोपातील सर्वांत मोठे सरोवर असले, तरी त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग माँटेनेग्रोत येतो. त्याचा विस्तार ऋतूप्रमाणे बदलतो : उन्हाळ्यात सुमारे ३७० चौ. किमी., तर पुराच्या दिवसांत पाचशेच्याही वर.

सरोवराचे पाणी बुना नदीवाटे समुद्राला मिळते आणि अडचणही तिथेच आहे. द्रिन ही अल्बानियाची सर्वांत लांब नदी पूर्वी दक्षिणेला लेझजवळ समुद्राला मिळे. १८५८-५९ च्या हिवाळ्यातील महापुरात तिने पात्र फोडले आणि ती श्कोदर शहराखाली बुनेत शिरली. तेव्हापासून द्रिनला पूर आला की बुनेची वाट अडते, सरोवर तुंबते आणि सखल वस्त्यांत पाणी भरते. विसाव्या शतकात द्रिनवर वाउ इ देयस व कोमान येथे धरणे बांधली गेली. त्यांतून वीज भरपूर मिळते, पण पूर थांबलेले नाहीत. २०१० मध्ये जानेवारी आणि डिसेंबर अशा दोन्ही महिन्यांत मोठा भाग पाण्याखाली गेला.

प्राचीन काळी या भागात लाबेआती ही इलिरियन (पश्चिम बाल्कनमधील प्राचीन लोकांपैकी) जमात राहत असे आणि सरोवरालाही तिचेच नाव होते. इ. स. पू. दुसऱ्या शतकात स्कोद्रा (आजचे श्कोदर) ही इलिरियन राजा गेंतियस याची राजधानी होती. मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाने रोमविरुद्ध साथ देण्यासाठी त्याला तीनशे टॅलंट (वजनाचे प्राचीन माप) चांदी कबूल केली. हाती पडली फक्त दहा. तोवर गेंतियसने रोमशी वैर पत्करले होते.

इ. स. पू. १६८ मध्ये रोमन सेनानी आनिसियस स्कोद्रावर चालून आला. रोमन इतिहासकार लिव्ही याने दिलेले जागेचे वर्णन आजही उपयोगी आहे : पूर्वेला क्लाउसाला नदी, पश्चिमेला सरोवरातून निघणारी बार्बाना, दोन्ही एकत्र होऊन तिसऱ्या, मोठ्या नदीला मिळतात. क्लाउसाला म्हणजे आजची किर नदी, बार्बाना म्हणजे बुना. तिसरी नदी द्रिन मानली, तर लिव्हीचा नकाशा १८५८ नंतरच्या नकाशाशी जुळतो. म्हणजे द्रिनचा निदान एक फाटा प्राचीन काळीही इकडे वाहत असावा.

तटबंदीच्या आड राहिला असता, तर गेंतियस बराच काळ टिकला असता. पण तो बाहेर पडून लढला आणि हरला. पळणाऱ्यांची दरवाजात इतकी कोंडी झाली की तिथेच दोनशेहून अधिक माणसे पडली. तीन दिवसांची मुदत मागून तो बोटीने बार्बानातून सरोवरात गेला. भाऊ कुमक घेऊन येईल अशी त्याला आशा होती. कुमक आली नाही आणि त्याने शरणागती पत्करली. लिव्हीच्या म्हणण्याप्रमाणे युद्ध सुरू झाल्याची बातमी रोमला पोहोचण्याआधी ते संपल्याची पोहोचली. पुढच्या वर्षी गेंतियसला रोममधील विजय-मिरवणुकीत चालवण्यात आले. रोमन लेखक प्लिनीच्या मते जेन्शन या औषधी वनस्पतीला त्याचेच नाव पडले आहे. पराभूत राजांत असा मान विरळाच.

ही लढाई झाली त्या टेकडीवर आज रोझाफा किल्ला उभा आहे. तटाच्या तळाशी इलिरियन काळातील प्रचंड दगड दिसतात. वरचे बरेचसे बांधकाम व्हेनिसच्या अमदानीतले. तीन भाऊ दिवसा बांधीत ती भिंत रात्री ढासळे, म्हणून धाकट्याच्या बायकोला भिंतीत चिणले, अशी लोककथा आहे. तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी एक स्तन, कुरवाळण्यासाठी एक हात आणि पाळण्याला झोका देण्यासाठी एक पाय मोकळा ठेवा, एवढेच तिने मागितले. प्रवेशद्वाराच्या कमानीतून चुन्याचे पांढुरके पाणी झिरपते. अंगावर दूध यावे म्हणून बाळंतिणी ते पाणी छातीला लावीत.

रोमन सम्राट डायोक्लिशनच्या काळातील फेररचनेत प्रेवालिताना हा प्रांत निर्माण झाला आणि स्कोद्रा त्याची राजधानी बनली. सातव्या शतकात स्लाव्ह टोळ्या येथे वसल्या. पुढे बायझंटाइन, सर्बियन व बाल्शा घराण्याच्या सत्तेनंतर १३९६ मध्ये शहर व्हेनिसकडे गेले. ऑटोमनांचा १४७४ चा वेढा फसला. १४७८ चा दुसरा वेढाही शहराने सोसला, पण १४७९ च्या तहात व्हेनिसने ते सुलतानाच्या हवाली केले.