बॉनेटला एअर फिल्टरसाठी भोक पाडण्यापूर्वी : आमच्या किट कार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

किट कार स्वतः जुळवणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते. इंजिन बसतं, कार्ब्युरेटर बसतो, फिल्टर चढवून बॉनेट ठेवायला जावं तर ते दोन बोटं उघडंच राहतं. मग शनिवारी दुपारी आम्हाला फोन येतो, "जिगसॉ हातात आहे, कुठे कापू?" आमचं उत्तर दरवेळी एकच असतं. जिगसॉ खाली ठेवा आणि आधी हे वाचा.

आमचा गाळा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ आहे. टाटा मोटर्सनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतल्यानंतर या भागात मराठी घरं वाढली. आमच्याकडेही शनिवारी पुण्या-पिंपरीची बोली ऐकू येते. कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर गाडी बघणाऱ्या माणसाला घरच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने गाडी बांधायची असते. ती हौस आम्ही जवळून पाहिली आहे, म्हणून हे पत्रक मराठीत काढलं.

भोक लागतंच का?

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या लोटस सेव्हन या बुटक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाच्या असतात. १९५७ साली आलेल्या त्या गाडीत सुरुवातीला फोर्डचं ११७२ सीसीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन असे. व्हॉल्व्ह बाजूला असल्यामुळे ते बुटकं होतं आणि सखल बॉनेटखाली मावायचं. आज त्याच घाटाच्या गाडीत लोक जुन्या फोर्ड सिएरातलं दोन लिटरचं पिंटो इंजिन बसवतात. त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वर डोक्यावर, त्यामुळे इंजिन उंच. त्यावर कार्ब्युरेटर, त्यावर फिल्टर. बॉनेटबाहेर डोकं निघणारच.

तरीही कापण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासा. फिल्टर कमी उंचीचा मिळतो का? इंजिन माउंटिंगवर, म्हणजे त्याच्या टेकूंवर, पूर्ण खाली बसलंय का? वेबरचे आडवे कार्ब्युरेटर असतील तर ट्रम्पेट (हवा आत घेणारी कर्ण्यासारखी नळी) आखूड करून जागा होते, पण त्याने इंजिनचा जोर वरच्या आरपीएमकडे सरकतो आणि रोजच्या चालवण्यात गाडी मंद वाटते. फिल्टर आतून ट्रम्पेटच्या तोंडाला चिकटला तर हवा गुदमरते. निदान ट्रम्पेटच्या व्यासाइतकी मोकळी जागा समोर ठेवा, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या कार्ब्युरेटरला साधारण ४५ मिलिमीटर. जागा वाचवायला ही फट कमी करू नका. त्यापेक्षा बॉनेट कापलेलं बरं.

कापण्याचा एक खरा फायदाही आहे. इंजिनजवळची हवा ६० अंशांवर गेली आणि बाहेर २० अंश असले, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. फिल्टर बाहेरची गार हवा ओढू लागला की फरक जाणवतो. मात्र फिल्टर अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला तर फायदाही अर्धाच.

भोकाचं माप फिल्टरवरून घेऊ नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फिल्टर २०० मिलिमीटरचा, म्हणून २१० चं भोक. गाडी उभी असताना छान दिसतं. पहिल्याच वेळी क्लच सोडला की फिल्टर कडेला घासतो, आणि महिनाभरात त्याचा फोम फाटतो किंवा बॉनेटचा रंग उडतो.

इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. जोर आला की ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, अक्षाभोवती कलंडतं. वर बसवलेला फिल्टर त्या अक्षापासून लांब असल्याने डावीकडे-उजवीकडे हलतो. बाजूने बाहेर आलेला फिल्टर वर-खाली हलतो. म्हणून भोक सगळीकडून सारखं मोठं करण्यापेक्षा हालचालीच्या दिशेने लांबट करा.

हालचाल मोजायला दोन माणसं लागतात. चासीच्या नळीला जाड तारेचा तुकडा घट्ट बांधा आणि त्याचं टोक फिल्टरच्या कडेशी आणा. गाडी मोकळ्या जागेत, चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. एकाने पहिल्या गिअरमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये क्लच हलकेच पकडेपर्यंत सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून तारेपासून फिल्टर किती सरकतो ते बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही थांबायचं नाही. जितका फिल्टर सरकेल तितकं अंतर, वर आणखी १० मिलिमीटर. एवढी मोकळीक आम्ही प्रत्येक गाडीला ठेवतो.

बॉनेट निघतं कसं, हेही आधीच बघा. सेव्हनच्या घाटाचं बॉनेट बिजागरीवर उघडत नाही, ते अख्खं उचलावं लागतं. फिल्टर बाजूने बाहेर येत असेल आणि भोक चहूबाजूंनी बंद असेल, तर दरवेळी आधी फिल्टर सोडवावा लागेल. रस्त्याच्या कडेला पावसात ते नकोसं होतं. अशा वेळी आम्ही भोक खालच्या कडेपर्यंत उघडं, खाचेसारखं ठेवतो.

खुणा

फिल्टर बॉनेटला नेमका कुठे भिडतो हे कळायला आमचा उपाय स्वयंपाकघरातला आहे. घट्ट कणीक मळा, लिंबाएवढे चार-पाच गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून फिल्टरवर आणि आजूबाजूला ठेवा. बॉनेट सरळ खाली आणून हलकेच दाबा आणि उचला. जिथे गोळा चपटा होऊन कागदाएवढा उरला, तिथे भोक. जिथे बोटभर जाड राहिला, तिथे जागा आहे. चपट्या गोळ्याची जाडी पट्टीने मोजून लिहून ठेवा.

मग पुठ्ठ्याचा साचा कापा आणि त्यावर ठळक लिहा: वरची बाजू, गाडीचं नाक, ड्रायव्हर. हे तीन शब्द लिहायला मी एकदा विसरलो होतो. ग्राहकाचं पिवळं फायबर बॉनेट होतं. मी माप खालून घेतलं, साचा खालच्या बाजूने आखला आणि वरून ठेवताना तो उलटा झाला. भोक ड्रायव्हरच्या बाजूला हवं होतं, ते पलीकडे पडलं. बॉनेट आमच्या खर्चाने नवीन आणलं, पण त्या गृहस्थांचा उन्हाळ्यातला दीड महिना गेला तो परत देता आला नाही. तेव्हापासून साच्याच्या मध्यावर ३ मिलिमीटरचं भोक खालून पाडून घेतल्याशिवाय आम्ही वर पेन्सिल टेकवत नाही. त्या भोकातून वर-खाली दोन्हीकडून एकच बिंदू दिसतो. खाली टॉर्च धरली की उजेडही तिथूनच येतो.

कापणं

बॉनेट गाडीवर ठेवून कापू नका. काढा, सतरंजी पसरलेल्या टेबलावर ठेवा. ॲल्युमिनियमचा कीस कार्ब्युरेटरमध्ये गेला तर इंजिन खोलावं लागतं. गाडीवरच काही काम करावं लागलं तर कार्ब्युरेटरच्या तोंडांत फडकी कोंबा, ती मोजून कोंबा आणि मोजून काढा.

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. कोपरे काटकोनी ठेवू नका, गाडीच्या थरथरीने पत्रा आणि फायबर दोन्ही तिथूनच तडकतात. कोपऱ्यात निदान २० मिलिमीटरची गोलाई हवी. ॲल्युमिनियमला बारीक दात्यांचं पातं आणि थोडं मेण पुरतं. फायबरला कार्बाइडच्या खरखरीत कडेचं पातं वापरा. साधं पातं वर येताना जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराचे, टवके उडवतं. फायबरची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या. घरात लहान मूल असेल तर कामाचे कपडे घराबाहेरच काढा, वेगळे धुवा.

रेषेच्या आत तीन मिलिमीटर कापा आणि उरलेलं कानसेने आणा. कानस हळू चालते, आणि इथे तेच हवं.

कापल्यावर बॉनेट कडेला लवचीक होतं, मग हायवेवर ते डफासारखं वाजतं. पत्र्याच्या बॉनेटला आम्ही खालून २० मिलिमीटर रुंद पट्टी रिव्हेटने जोडतो. फायबरला खालून काचतंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅमची) दोन थर रेझिनने चढवतो आणि कापलेली कडही रेझिनने बंद करतो. उघड्या कडेतून पाणी शिरलं की जेलकोटखाली फुगवटे येतात. थंडीत गाळ्यात १५ अंशांच्या खाली रेझिन नीट बसत नाही, म्हणून नोव्हेंबरनंतर फायबरचं काम एक दिवस जास्त घेतं.

कड आणि तपासणी

गाडी अजून नोंदलेली नसेल तर ती आयव्हीए तपासणीला, म्हणजे नोंदणीआधीच्या सरकारी मंजुरीच्या तपासणीला, जाईल. तिथे १०० मिलिमीटर व्यासाचा चाचणीचा गोळा जिला टेकू शकतो अशी बाहेरची कड निदान २.५ मिलिमीटर गोलाईची लागते. कापलेला पातळ पत्रा यात बसत नाही. कड आत वळवा किंवा मऊ रबरी पट्टी लावा, आणि ती चिकटवा. नुसती दाबून बसवलेली पट्टी हाताने ओढली की निघते, आणि तपासनीस ती ओढून बघतात. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल आहे, पण ती एक्झॉस्टपाशी मोजतात. उघड्या फिल्टरचा घुमारा ड्रायव्हरच्या कानावर येतो, ते वेगळं. लांबच्या प्रवासाला कानात बोळे ठेवा.

नोंदलेल्या गाडीच्या बॉनेटला भोक पाडल्याने पुन्हा आयव्हीए लागत नाही. एमओटीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या वार्षिक तपासणीत, मात्र इजा होईल अशी धारदार कड दिसली तर गाडी नापास होते. आणि विमा कंपनीला हा बदल आठवणीने कळवा. एक ईमेल पुरतो.

कामासाठी गाडी आणताना

इंजिन, माउंटिंग, एक्झॉस्ट सगळं कायमचं बसलेलं असू द्या. तात्पुरत्या बोल्टवर टेकवलेल्या इंजिनवरून आम्ही माप घेत नाही. जो फिल्टर कायम राहणार तोच आणा, "साधारण असाच" नको. पावसासाठी फिल्टरचं पाणी अडवणारं आवरण घेतलं असेल तर तेही चढवून आणा, कारण त्याने फिल्टर चार-पाच मिलिमीटरने जाड होतो. पत्र्याचं काम एका दिवसात होतं, फायबरला दोन. बॉनेट रंगवायचं असेल तर भोक आधी, रंग नंतर.